खालची जमीन कोनाची?

नागपूरहून हैदराबादच्या हायवेला लागायचं. हिंगणघाट मागे टाकायचं, वडकीला कडक चहा मारायचा आणि करंजीला डावीकडे वळायचं. दिवाळीच्या दिवसांत इथे दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र कापूस फुटलेला असतो. समोरून कोळशाचे ट्रक यायला लागले की समजायचं, वणीचा रस्ता बरोबर पकडलाय. वणीच्या आधी लागतं ते मारेगाव. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. साइट-सीइंगची यादी घेऊन येऊ नका. इथे बघायचं ते शेत, वेचणीला निघालेल्या बाया आणि संध्याकाळी ओसरीवर रंगणाऱ्या गप्पा.

आमच्या घरी या गप्पांमध्ये कायम हजर असते ती एक पत्र्याची पेटी. तिच्यात शेताचे सातबारे, घराच्या करपावत्या, आजोबांच्या वेळचे फेरफार. बाबांच्या दृष्टीने हीच आमची इस्टेट. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटच्या बुकिंगसाठी त्यांनी यातलाच दोन एकरांचा एक सातबारा कमी केला. त्यामुळे मागच्या दिवाळीत मी टाउनशिपचं चकाचक ब्रोशर उघडलं, तेव्हा त्यांना स्विमिंग पूल, क्लब हाउस वगैरेंत काडीचाही इंटरेस्ट नव्हता.

"फ्लॅट तुह्या नावावर हाय, मान्य," ते म्हणाले. "पन खालची जमीन कोनाची?"

मी म्हटलं, "बिल्डरची. सध्या."

"मंग तू घेतलं काय बाप्पा? हवा?"

हसू नका. तुमच्यापैकी किती जणांना या प्रश्नाचं उत्तर माहितीये? ईएमआयची तारीख आपल्याला पाठ असते. पण आपण राहतो ती जमीन कोणाच्या नावावर आहे, मेंटेनन्सच्या पैशांचा हिशेब कोण ठेवतं, लिफ्टचं कॉन्ट्रॅक्ट कोणी दिलं? बिल्डरची माणसं सगळं बघतात म्हणून आपण निवांत. आमच्याकडेही तेच. 2 वर्षं पैसे भरले, हिशेब मागितला नाही. टँकर वाढले, लिफ्ट बंद पडायला लागली, तेव्हा कुठे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शब्द आला – टेकओव्हर!

हा टेकओव्हर म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मी वकिलाकडे जायच्या आधी एका रविवारी मुंबईला गेलो. वेस्टर्न लाइनच्या ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेकडे उतरलो आणि चालत गावदेवीला. गांधीजींचा मुंबईतला मुक्काम जिथे असायचा, ते मणिभवन याच भागात. पण मला बघायची होती सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. 1915 सालची! देशातल्या सगळ्यात जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांपैकी एक.

तिची गोष्ट भारी आहे. 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि खुराड्यासारख्या खोल्यांत राहणं किती जिवावर बेतू शकतं, ते शहराला कळलं. नोकरीसाठी कारवारकडून आलेल्या मध्यमवर्गीय चित्रापूर सारस्वतांनाही घरांची चणचण होतीच. त्यांच्यातले श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी 1906 मध्ये आपल्या गुरुजींच्या नावाने शामराव विठ्ठल बँक काढली होती. सहकाराचा 1904 चा कायदा मात्र फक्त पतपुरवठ्यापुरता होता. 1912 च्या नव्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची सोय झाली आणि 3 वर्षांत गावदेवीची ही सोसायटी उभी राहिली. मालक कोण? संस्था. संस्था कोण? तिथे राहणारे सभासद. मधे बिल्डर नावाचं पात्रच नाही, म्हणजे त्याच्याकडून ताबा घ्यायचा प्रश्नही नाही! तालमकींचं नाव आजही ताडदेवच्या तालमकीवाडीला आहे. दोन्हीकडे जरूर चक्कर मारा, पण बाहेरूनच. म्युझियम नाही, लोकांची राहती घरं आहेत ती.

आपली गाडी उलट दिशेने धावते. आधी बिल्डर, मग फ्लॅट, मग सोसायटी आणि सगळ्यात शेवटी जमीन. हे शेवटचं स्टेशन बऱ्याचदा येतच नाही. महाराष्ट्रात 1963 पासून 'मोफा' कायदा आहे. सोसायटी नोंदवून देणं आणि करारात वेगळी मुदत नसेल तर नोंदणीनंतर 4 महिन्यांत जमीन-इमारतीचं कन्व्हेयन्स करून देणं, ही त्यात बिल्डरचीच जबाबदारी. मग ते रखडतं का? कारण जमीन ज्याच्या नावावर, त्याच्या हातात उरलेला आणि पुढे वाढणारा एफएसआय. सोप्या भाषेत, उद्याचे मजले!

म्हणूनच 2008 मध्ये कायद्यात 'डीम्ड कन्व्हेयन्स' आलं. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. ते दोन्ही बाजू ऐकतात आणि पटलं तर बिल्डरच्या सहीशिवाय कन्व्हेयन्सची वाट मोकळी होते. 2016 च्या रेरा कायद्याने आणखी एक आधार दिला. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला मोठा दोष दाखवून दिला, तर तो बिल्डरने फुकटात दुरुस्त करायचा.

पण खरी गंमत पुढे आहे. कायदा जमीन मिळवून देईल, सोसायटी चालवून देणार नाही! ताबा घ्यायचा म्हणजे मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्टचं लायसन्स, अग्निशमनची कागदपत्रं, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनींचे प्लॅन, आगाऊ घेतलेल्या मेंटेनन्सचा हिशेब हे सगळं मोजून घ्यायचं. दुसऱ्या दिवसापासून वॉचमनचा पगार आपण द्यायचा आणि पंप जळला तर रात्री 2 ला फोनही आपल्यालाच येणार.

आणि मीटिंग! सोसायटीच्या सभेला कोरम लागतो दोन-तृतीयांश सभासदांचा किंवा 20 जणांचा, यातला जो आकडा कमी असेल तो. आमच्या 112 फ्लॅट्सच्या बिल्डिंगमधून पहिल्या सभेला आले 14. सभा तहकूब. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच चौदा जणांवर चालली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. वर्षभराचं बजेट त्या चौदांनी ठरवलं. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर अंगठे खाली केले. खरं सांगू? त्या अठ्ठ्याण्णवांत मीही होतो. मॅच होती.

गावदेवीच्या त्या गेटसमोर उभं असताना मला ती मॅच आठवली. या लोकांनी शंभराहून जास्त वर्षं काय केलं असेल? वर्गणी भरली, हिशेब तपासले, भांडले, पुन्हा पुढच्या सभेला आले. घर 'आपलं' होतं ते असंच. ब्रोशरमध्ये या कामाचा फोटो नसतो.

परत आल्यावर मी कमिटीत पाणी आणि लिफ्टच्या फायली मागून घेतल्या. पंप जळाला की आता मला फोन येतो. कन्व्हेयन्सचा अर्जही गेलाय. बाबांना फोन करून मोठ्या कौतुकाने सांगितलं. तिकडे पेटीचं झाकण वाजलं.

"फेरफार झाला का थे सांग," बाबा म्हणाले. "तवरिक घर घेतलं म्हनू नोको."