लाल ट्रॅक्टर आणि आमची खाचरं

मी नावड्यात पाहिलेला पहिला ट्रॅक्टर नांगरत नव्हता, विटा वाहत होता! आणि तो बनला होता कुठे, तर आपल्या कांदिवलीत.

१९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' काढली. १९६५ पासून कांदिवलीहून बी-२७५ बाहेर पडू लागला. ३५ अश्वशक्तीचा, लालभडक. तो लाल रंग अमेरिकेतल्या भागीदाराचा. ती कंपनी १९०२ सालची. तिचे सुरुवातीचे ट्रॅक्टर म्हणजे नुसती अवजड धुडं. १९२४ मध्ये तिने 'फार्मऑल' आणला, पिकाच्या ओळींमधून चालणारा, आणि तिकडच्या घोड्यांचं काम सुटत गेलं. पुढे १९७७ मध्ये कांदिवलीची कंपनी महिंद्रात विलीन झाली. १९८५ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने मात्र आपला शेतीयंत्रांचा धंदा विकून टाकला. गुरुजी निवृत्त, विद्यार्थी जोरात... असो.

मी नोकरीला लागलो तेव्हा वर्गात शेतीच्या यांत्रिकीकरणाचा धडा शिकवायचो आणि खिडकीबाहेर बैलांची चिखळणी चालू असायची. मुलं विचारायची, "गुरुजी, आपल्याकडे ट्रॅक्टर कधी येणार?" काय सांगणार? आमची खाचरं दोन-चार गुंठ्यांची. एक वर, एक खाली, चारी बाजूंनी बांध, आत गुडघाभर चिखल. पंजाबातल्या लांबलचक पट्ट्यांत ट्रॅक्टर सरळ जातो. इथे तो वळवायचा तर बांध फोडावा लागणार. बांध फुटला की वरचं पाणी खालच्याच्या शेतात, आणि मग भाऊबंदकी कोर्टात! त्यात आमचं एकच पीक, भाताचं. चार दिवसांच्या नांगरणीसाठी एवढं कर्ज कोण काढील? लोक आम्हा कोकणातल्यांना मागासलेले म्हणत. मला ते कधी पटलं नाही. यंत्र चांगलंच होतं, पण ते आमच्या जमिनीसाठी घडवलेलं नव्हतं.

आणि मग जमीनच गेली. नव्या शहरासाठी संपादन सुरू झालं, शेजारी कारखाने आले. भराव पडला तेव्हा ट्रॅक्टर हवे तेवढे आले, सगळे ट्रॉलीसकट.

आमच्या वडिलांनी बैल विकले ते ट्रॅक्टर आला म्हणून नव्हे, शेत गेलं म्हणून. गिऱ्हाईक कर्जतकडचं होतं. बैल टेम्पोत चढेनात, तेव्हा वडील स्वतः आत चढून उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर पनवेलपर्यंत गेले. जू तेवढं विकलं नाही. ते आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर आहे.