म्हातारीचे केस

तुमच्या घरात लांब केसांचं मांजर असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि एकदा त्याच्या काखेत बोट घालून बघा. मांजर नसेल पण आणायचा विचार चालू असेल, तर आधी वाचा आणि मग ठरवा. मी उलट केलं. आधी मांजर आणलं आणि मग शिकले. त्याची किंमत मी मोजली नाही, तिने मोजली.

ती आमच्याकडे आली तेव्हा तीन महिन्यांची होती. ताईच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे पिल्लं झाली होती. आई पर्शियन, बाप कोण ते माहीत नाही. पांढरीशुभ्र, बटणाएवढं नाक आणि बाकी सगळा नुसता कापूस. रुईच्या बोंडातून उडणारी म्हातारी आठवते का तुम्हाला? लहानपणी आपण ती तळहातावर घेऊन फुंकर मारायचो. तशीच ही दिसायची, म्हणून मी नाव ठेवलं म्हातारी. आजी म्हणाली, "या घरात एक म्हातारी आहे तेवढी पुरे." शेवटी सगळे तिला म्हातू म्हणायला लागले. आजीसुद्धा.

आता माझी एक गोष्ट कबूल करते. मी लिहिण्याचं काम करते. साबण, गाद्या, विमा, केसगळती, जो विषय येईल त्यावर. म्हातू यायच्या दोन वर्षं आधी मी लांब केसांच्या मांजराची निगा कशी राखावी यावरही एक लेख लिहिला होता. तोपर्यंत मी एकाही मांजराला हात लावलेला नव्हता. त्यात एक वाक्य होतं, 'रोज हळुवारपणे ब्रश करा.' ते चूक नव्हतं. पण ब्रश कुठे करायचा, किती खोल करायचा आणि मांजर चावलं तर काय करायचं, यातलं काहीच त्यात नव्हतं.

तर मी एक मऊ ब्रश आणला आणि माझंच वाक्य पाळलं. रोज संध्याकाळी पाठीवरून, शेपटीवरून, गालांवरून ब्रश फिरवायचा. म्हातू घुरघुरायची, मी फोटो काढायचे. पोटाकडे हात नेला की ती चारही पाय वर करून हात पकडायची आणि चावायची. मग मी म्हणायचे, "बरं बाई, राहू दे." वरून तर ती चकचकीत दिसत होती.

ती साधारण सहा महिन्यांची झाली आणि तिचं वागणं बदललं. खिडकीत उडी मारणं बंद झालं. उचललं की फिसकारायची. पुढचा पाय जरा जपून टाकायची. मला वाटलं, मोठी होतेय, आता नखरे सुरू झाले. एका पावसाळी संध्याकाळी तिला उचलताना माझं बोट तिच्या काखेत गेलं आणि काहीतरी कडक लागलं. केस बाजूला करायला गेले तर ते बाजूला होईनात. घोंगडीसारखा घट्ट थर झाला होता. दोन्ही काखांत, पोटावर, मागच्या मांड्यांच्या आत. पाऊल टाकलं की तो थर तिची कातडी ओढत होता. तिचे नखरे नव्हतेच, तिला दुखत होतं.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही कधीही करू नका. मी खणातून कात्री काढली. आजी पलंगावरून म्हणाली, "अगं, थांब, दिसतंय का तुला काय कापतेस ते?" मी थांबले नाही. गुंत्याखाली कात्रीचं पातं सरकवलं आणि दाबलं. म्हातू जशी ओरडली तसं मांजर ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पांढऱ्या केसांवर रक्त आलं.

डॉक्टरांनी दोन टाके घातले. गुंगीचं इंजेक्शन देऊन मशीनने पोट आणि काखा साफ केल्या. खालची कातडी लाल आणि ओलसर झाली होती. त्यांनी मला एक साधी गोष्ट समजावली. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. केसांचा गुंता घट्ट होत जातो तशी कातडीही त्यात वर ओढली जाते, पदराला पिन लावताना खालचं कापड वर येतं तशी. केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली, ते डोळ्यांना कळतच नाही. म्हणून घट्ट गुंत्याला घरी कात्री लावायचीच नाही. तो मशीननेच काढायचा, आणि तोही ज्याचा हात सरावलेला आहे त्याने.

त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तुमचा ब्रश मला दाखवा." मी दाखवला. त्यांनी तो म्हातूच्या पाठीवर फिरवला आणि मग तिथलेच केस बोटांनी वेगळे केले. आत बारीक बारीक गाठी होत्या. "हा ब्रश वरूनच फिरतोय. आत पोचतच नाही." आणखी एक सांगितलं. पाच-सहा महिन्यांपासून पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणाचे केस यायला लागतात. गळलेले केस आतच अडकतात. म्हणजे गुंता सगळ्यात जास्त होण्याच्या दिवसांत मी तिचे फोटो काढत होते.

घरी आल्यावर आई शांतपणे म्हणाली, "झेपत नसेल तर हिला नीट सांभाळणारं घर बघूया." ती टोमणा मारत नव्हती, म्हणून जास्त लागलं. दोन दिवस मी खरंच विचार केला. फोनवर मेसेजही लिहून ठेवला, 'गोंडस मांजर, प्रेमळ घर हवे.' पाठवला नाही. त्याला दोन कारणं झाली.

पहिलं कारण मला वाचताना सापडलं. मांजरांचा रानातला पूर्वज आखूड केसांचा. केसांची लांबी ठरवणाऱ्या एका जनुकात बदल झाला की केस जास्त काळ वाढत राहतात, आणि तो बदल आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लू लांब केसांचं होतं. माणसांना ते आवडलं, म्हणून तशी मांजरं निवडून त्यांचीच वीण वाढवली. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात पर्शियन मांजरंही होती. म्हणजे हे केस म्हातूने मागितलेले नाहीत. तिची जीभ खरखरीत असते, तिच्यावर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, पण एवढ्या केसांना ती जीभ पुरत नाही. हौस माणसाची, मग विंचरायचं कामही माणसाचंच.

दुसरं कारण आजी. ती म्हणाली, "तू सहा वर्षांची होतीस तेव्हा तुझे केस कमरेपर्यंत होते. फणी दिसली की पळायचीस. मलासुद्धा चावली आहेस." मी विचारलं, मग तू काय करायचीस? "काय करणार? मुळाशी मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला नाही. आणि टोकापासून सुरुवात करायची. मुळापासून फणी घातलीस की गाठ आणखी आवळते."

मी ब्रश ठेवून दिला आणि स्टीलचा, मोकळ्या दातांचा कंगवा आणला. पण जखम भरेपर्यंत विंचरणं बंदच होतं. त्या दिवसांत मी फक्त हात लावायला शिकवलं. जेवण झालं, ती सुस्तावली, की जवळ बसायचं. एकदा काखेला हात लावायचा आणि लगेच बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा चिमूटभर तुकडा द्यायचा. बस, त्या दिवसाचं काम संपलं. मग पोट. मग पंजे. मग कंगवा नुसता जमिनीवर ठेवायचा आणि तिला हुंगू द्यायचा. पिल्लू जितकं लहान, तितकं हे लवकर जमतं. मी पहिल्याच आठवड्यात हे करायला हवं होतं.

म्हातू बोलत नाही असं मला वाटायचं. ती सगळं सांगते, मी वाचत नव्हते. शेपटीचं टोक आपटायला लागलं, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरथरली, की ती म्हणतेय, "पुरे." आता मी त्याच्या आधीच थांबते. कधी दोन मिनिटं मिळतात, कधी पाच. उरलेलं उद्या. तिला धरून, दाबून पूर्ण विंचरलं तर आजचं काम होतं, पण उद्यापासून ती पलंगाखालून बाहेर येत नाही.

विंचरताना केसांचा एक-एक पदर वेगळा करते. मुळाशी बोटांत धरते, आधी टोकं सोडवते, मग मधलं, आणि शेवटी मुळापासून टोकापर्यंत कंगवा अडथळ्याशिवाय गेला पाहिजे. पाठ सगळ्यात शेवटी. आधी कानांच्या मागे, हनुवटीखाली, काखा, पोट, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी. केस जिथे एकमेकांवर घासतात तिथेच गाठी होतात. छोटी गाठ बोटांनीच मोकळी करते. जी सुटत नाही, ती डॉक्टरांकडे.

घरात सल्ले भरपूर आले, त्यातले काही धोक्याचे होते. आजीला वाटलं, थोडं खोबरेल लावलं तर गुंता सुटेल. पण मांजराच्या अंगावर लावलेलं सगळं चाटून पोटात जातं, आणि तेलावर धूळ चिकटते ती वेगळीच. ताई म्हणाली, गरम पाण्याने अंघोळ घाल. गुंता ओला झाला की वाळताना आणखी आवळतो. म्हणून अंघोळ घालायचीच असेल तर आधी सगळे केस कोरडेच विंचरायचे, मग मांजरांसाठीचाच शाम्पू वापरायचा, तो पूर्ण धुऊन काढायचा आणि केस मुळापर्यंत वाळवायचे. शेजारच्या काकांनी प्रेमाने कुत्र्याची पिसवांची पावडर आणून दिली. ती मी परत केली, आणि तुम्हीही करा. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजराचा जीव जाऊ शकतो. सुगंधी अर्क, टी ट्री ऑइल यांनाही घरात तिच्यापासून लांब ठेवा.

डोळ्यांतून पाणी येतं, ते उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून हलकेच पुसते, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. पिवळा-हिरवा चिकटा दिसला तर पुसत बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. अंगावर गोल टक्कल दिसलं तरी तेच. ते बुरशीचं असू शकतं आणि घरातल्या माणसांनाही होतं. ती वारंवार ओकारी काढतेय, पण काही पडत नाही आणि जेवतही नाही, तर वाट बघू नका. गिळलेल्या केसांचा गोळा आत अडकलेला असू शकतो. आणि उन्हाळ्यात दया येऊन स्वतःच्या मनाने तिचं मुंडण करू नका. सावलीतली गार फरशी, पंखा आणि दोन-तीन ठिकाणी ठेवलेलं पाणी एवढं द्या.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. पोटावरचे केस परत आले. काखेत जिथे टाके होते तिथे अजून एक बारीक रेघ लागते बोटाला. रोज तिथून कंगवा नेताना मी हळू होते, ती होत नाही. मांजर विसरलं असेल, मी नाही.

संध्याकाळी आजीची मालिका लागली की आम्ही पलंगापाशी बसतो. म्हातू आपणहून येते, आडवी होते आणि पुढचा एक पाय वर करून काख मोकळी करून देते. पहिल्यांदा तिने असं केलं तेव्हा मी फोटो काढायलाही विसरले.

गेल्या महिन्यात एकदा तिचं आवरून मी उठत होते. आजीचा खांदा वर्षभर दुखतोय, हात वर जात नाही. ती केस नुसते मागे सारून रबर लावते, हे मी रोज बघत होते, पण माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिने रबर काढलं, तिची जुनी लाकडी फणी माझ्या हातात दिली आणि टीव्हीकडे बघतच म्हणाली, "आता या म्हातारीचे पण कर."

तिचे केस पातळ आहेत, गुंता फारसा नव्हताच. तरी मी मुळाशी मुठीत धरले आणि टोकापासून सुरुवात केली.