सांगलीच्या दादांचं देणं

गुऱ्हाळं लागली की आई कोडोलीहून सांगलीच्या दादांना गुळाची ढेप पाठवते. ते ना आमच्या भावकीतले, ना सोयऱ्यांतले. आईच्या ऑपरेशनच्या वेळी कोल्हापुरात तिच्यासाठी ‘ओ’ गटाचं रक्त मागवलं, पण एकही पिशवी जुळेना. रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करून सांगितलं, “हा बॉम्बे गट आहे.” भारतात साधारण दहा हजारांत एखाद्याचा. दादांना निरोप गेला आणि हातातलं काम टाकून ते रातोरात आले. रक्त दिलं, चहा घेतला आणि पहाटेच्या एसटीनं परत गेले.

आई घरी आल्यावर मी आमच्या जीवशास्त्राच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, “जनुक म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला मूळ सातबारा. तो पेशीच्या केंद्रकातून हलत नाही. बाहेर येते ती आरएनए नावाची नक्कल.” ही नक्कल रायबोझोम तीन-तीन अक्षरांनी वाचतो, एकेक अमिनो आम्ल जोडत जातो आणि प्रथिन तयार होतं. ‘एफयूटी१’ जनुकातून घडणारं प्रथिन तांबड्या पेशींवर फ्यूकोज साखर जोडून ‘एच’ ही खूण उमटवतं. तिच्यावरच पुढं ए आणि बी घडतात; ओ गटात ती तशीच राहते. भारतातल्या बॉम्बे गटात बहुधा या जनुकाचं ७२५वं अक्षर टीऐवजी जी असतं. मग २४२व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन बसतं आणि प्रथिन निकामी होतं. आई-वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली, तर ‘एच’ उमटत नाही आणि ओ गटाचं रक्तही शरीराला परकं ठरतं.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट ओळखून १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. आई वाचली, त्यात त्यांचाही वाटा आहे.

सख्ख्या भावंडांत हाच गट निघण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून सरांनी मामांनाही तपासून घ्यायला लावलं. धाकटे मामा बॉम्बे निघाले. आता कुणाचा निरोप आला की तेही जातात. दादांचं ऋण फेडायचा आम्हाला सापडलेला मार्ग हाच.

तुमच्या घरी कुणाचा गट बॉम्बे निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी जरूर करा आणि त्यांची नावं रक्तपेढीत नोंदवून ठेवा. कुणीतरी त्या एका पिशवीची वाट पाहत असतं.