कोळश्या गेला त्याची हकिगत

राजूर (कॉलरी),
23 ऑगस्ट 2025, तान्हा पोळा

चि. सौ. ताईस,


परवा फोनवर तू एवढंच म्हणालीस, "दादा, कळवलं असतंस तर मी आले असते," आणि फोन ठेवलास. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय. हे मला फोनवर सांगता येणार नाही. तिकडे तुझा आवाज बदलला की इकडे मी पावसापाण्याचं काढतो, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. बाहेर गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत बोजारा मागत फिरताहेत. दोघांना दहा-दहा रुपये दिले. तिसरा, शेजारचा धाकटा, नोट खिशात घालून विचारतो कसा, "काका, कोळश्या कुठं गेला?" मी म्हटलं, "गेला." तर म्हणे, "मंग कधी येईल?"

मी आत निघून आलो.

तुला कळवलं नाही ही माझी चूक. कारणं सांगायला बसलो तर दहा निघतील, खरं एकच आहे: तू आली असतीस तर माझ्या हातून ते झालं नसतं.

कोळश्या घरी आला तो 2011 चा पावसाळा, तुझ्या लग्नाआधीचा शेवटचा. कोळशाच्या ट्रकखाली सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू तू ओढणीत गुंडाळून आणलंस. घमेल्यात बसवून आंघोळ घातलीस, तीनदा पाणी बदललंस, तरी पाणी आपलं काळंच. शेवटी आई म्हणाली, "पुरे कर बाप्पा, रंगच काळा हाये त्याचा." तिथंच नाव पडलं. तू डिसेंबरात सासरी गेलीस, आणि तो तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर जो निजायला लागला तो कायमचा.

म्हातारपण त्याच्या तोंडापासून सुरू झालं. आधी हनुवटीखाली दोन-चार केस, मग मिशांची जागा, मग डोळ्यांभोवती कडी. चुन्याच्या भट्टीत तोंड घालून आल्यासारखा दिसायचा. शेजारचे काका म्हणायचे, राजूरचा खरा रहिवासी हाच, अर्धा कोळसा अर्धा चुना. आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं, कारण तोवर तो फाटकावरून उडी मारत होता.

मग ऐकू येईनासं झालं. आपल्या रस्त्यावर बहिऱ्या कुत्र्याचं काय होतं ते तुला सांगायला नको. ट्रकवाले भोंगा वाजवतात आणि समजतात की उठेल. तेरा वर्षं ज्याच्या गळ्यात दोरी पडली नाही त्याला मी गेल्या वर्षी बांधला. दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसला होता. डोळ्यांत निळसर झाक आली तेव्हा मोतीबिंदू म्हणून घाबरलो. वणीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, प्रत्येक झाक मोतीबिंदू नसते, वयानं भिंग घट्ट होतं, त्यातून त्याला बऱ्यापैकी दिसतंय.

रात्री मात्र वेगळंच सुरू झालं. दोन-अडीचला उठायचा, घरभर फिरायचा, आणि कपाट अन् भिंतीच्या मधल्या फटीत तोंड घालून उभा राहायचा. मागं सरकायचं असतं हेच विसरला होता. मी उठून कमरेला धरून फिरवायचो, की पाच मिनिटांनी पुन्हा तिथंच. माणसाची स्मृती जाते तसंच कुत्र्याचंही होतं म्हणे. त्याला औषध फारसं नाही. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: रात्री एक दिवा चालू ठेवा आणि खाट, खुर्ची, पाण्याची ताटली जागची हलवू नका. तुझ्या वहिनीनं सहा महिने घरात काही हलवलं नाही. दिवाळीची रंगरंगोटीसुद्धा राहिली.

मागचे पाय गेले तेव्हा मेलोक्सिकॅम सुरू झालं. बाटलीवरचं ते नाव वाचलं आणि मला आपला चांद्या बैल आठवला. का, ते सांगतो.

1997 साली चांद्याचा गुडघा सुजला तेव्हा बाबांनी त्याला सुई द्यायला लावली होती. तेव्हा ढोरांना सर्रास डायक्लोफिनॅक देऊ लागले होते. स्वस्त, आणि जनावर तासाभरात उभं राहायचं. चांद्यालाही तेच दिलं असावं. तुला गावाबाहेरची मेलेली ढोरं टाकायची जागा आठवते? माना आत घेऊन बसलेली गिधाडं? तू दगड मारायचीस. त्यांचं काय झालं ते 2004 मध्ये उलगडलं. हे औषध पोटात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत देशात शंभरातलं एकही उरलं नाही इतकी घटली. 2006 ला ढोरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं आणि त्याच्या जागी आलं ते हे मेलोक्सिकॅम, गिधाडांना न बाधणारं. म्हाताऱ्या बैलाचं दुखणं हलकं करावं एवढंच लोकांच्या मनात होतं, ताई. कुणाचं वाईट करायला कुणी सुई दिली नव्हती.

चांद्याची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू आठ वर्षांची होतीस, मी सोळाचा. त्या वर्षीच्या पोळ्याला त्याची खांदशेकणी तूच केलीस. पळसाच्या पानानं तूप-हळद लावलीस, जेवायचं आवतण दिलंस. झूल घातली, शिंगांना बेगड लावली, तोरणाखाली तो लंगडत का होईना उभा राहिला. आणि सहा महिन्यांनी वणीच्या जत्रेतल्या बैलबाजारात बाबांनी त्याला विकला. रुमालाखाली हातात हात घालून सौदा झाला, म्हणून मला आकडा कळला नाही आणि मी पुढंही विचारला नाही. बाबांनी दावं सोडून घेतलं, गुंडाळून पिशवीत टाकलं. चांद्या नव्या माणसाच्या मागं चार पावलं गेला आणि थांबला, मान वळवून पाहायला लागला. बाबा मला म्हणाले, "चाल. मांगं पाहू नको."

कोणी कुठं नेला ते बाबांना ठाऊक होतं. तेव्हा 1976 चा कायदा गाईला राखत होता, पण कामातून गेलेला बैल दाखला घेऊन कापता येत असे. बैल कापायलाही बंदी घालणारं विधेयक 1995 ला विधिमंडळात मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची सही व्हायला 2015 उजाडलं. आता विकायची सोय नाही, म्हणून म्हातारे बैल रात्री हायवेला सोडून दिलेले दिसतात. कायद्याला नावं ठेवत नाही मी. बैल वाचावा असं मलाही वाटतं. पण चार एकराच्या वावरात एका जोडीपुरतं कुटार निघत असेल तर तिसऱ्याच्या गव्हाणीत काय टाकायचं, हे सही करणाऱ्यांनी बाबांसारख्या कुणाला विचारायला हवं होतं.

घरी आल्यावर बाबांनी तुला सांगितलं, चांद्या मामाच्या गावाला गेला. पुढं तीन पोळे तू विचारत होतीस, "मामाच्या गावाहून चांद्याला आणायचं नाही का?" बाबा कोठ्यात निघून जायचे. ते दावं त्यांनी जन्मभर खुंटीवर ठेवलं, दुसऱ्या बैलाला लावलं नाही. ते गेले तेव्हा मी ते काढायला गेलो तर हातात तुटलं.

आपल्याकडे जनावराला मान द्यायची रीत नाही असं नाही. साताऱ्याजवळ माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. तुम्ही नाशिकला जाताना आळेफाट्याला चहाला थांबता ना, तिथून जवळच आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी मानतात. पण एक राजाचा कुत्रा, दुसरा माउलींचा रेडा. आपल्यासारख्यांच्या जनावरांना एक तर बाजार, नाही तर गावाबाहेरची जागा.

म्हणून कोळश्याचं मी ठरवलं होतं की मरेल तो घरी मरेल आणि मी मागं पाहीन. कधी, ते मात्र ठरवता येत नव्हतं. डॉक्टरांनी एक साधी युक्ती सांगितली. दिवस बरा गेला तर कॅलेंडरवर टिक करा, वाईट गेला तर फुली. जुलैत टिका जास्त होत्या. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एकच टिक आहे, 9 तारखेला, राखीची. तू पाठवलेल्या पेढ्यातला अर्धा त्यानं माझ्या तळहातावरून खाल्ला आणि शेपूट एकदा आपटलं. बाकी साऱ्या फुल्या. मांडीखाली जखम झाली, पावसाळ्याच्या माश्या, दोनदा अळ्या काढल्या. दुधात भिजवलेली भाकरसुद्धा तोंडातून बाहेर यायची. आत्या म्हणाली, "त्याचं भोगणं त्याला भोगू दे, कायले पाप घेतं?" मी उत्तर दिलं नाही. आजही माझ्याजवळ नाही.

16 तारखेला, शनिवारी, डॉक्टर घरी आले. ओसरीवर त्याची गोधडी टाकली होती. पहिली सुई गुंगीची. तीन-चार मिनिटांत तो घोरायला लागला. कित्येक आठवड्यांत असा गाढ झोपला नव्हता, एवढा की वाटलं आता नकोच, निजू दे असाच. दुसरी सुई पुढच्या पायाच्या शिरेत. सुई निघायच्या आत पोटाची हालचाल थांबली. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग एक मोठा श्वास आला आणि मी दचकलो. ते म्हणाले, हा श्वास नाही, आता तो नाही. डोळे उघडेच होते. मी पापण्या मिटवायला गेलो, तर म्हणाले, कुत्र्याचे मिटत नाहीत. मी तरी दोनदा प्रयत्न केला.

मागच्या सीताफळाजवळ खड्डा केला, कमरेएवढा. काळी माती, आत पाणी झिरपत होतं. मीठ टाकलं आणि भट्टीवरून आणलेला कळीचा चुना. ओलीत चुना पडला तशी वाफ उठली. वाफ गेली तेव्हा तो सगळाच पांढरा होता, तोंडासारखा.

आता तुझ्या मनीचं. तेरा वर्षांची मांजर पाण्याच्या भांड्यापासून हलत नाही आणि वाळत चालली आहे म्हणालीस, तर आधी रक्त तपासून घे. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं बहुधा आधी दगा देतात. कातडीखाली सलाईन घरच्या घरी देता येतं, ते डॉक्टरांकडून शिकून घे, त्यात बरे महिने निघतात. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नकोस, चतकोर गोळीसुद्धा नाही. मांजराला ते विष आहे. कॅलेंडर आजपासूनच सुरू कर. आणि वेळ आली तर मला फोन कर. मी येईन, तू मला बोलावलंस तर.

मधेच उठून शेजारच्या धाकट्याला हाक मारली. सीताफळाजवळ नेऊन जागा दाखवली, कोळश्या मेला म्हणून सांगितलं. त्यानं लाकडी बैल तिथं थोडा वेळ उभा केला, "काका, मंग तो इथंच राहीन का?" विचारलं, मी हो म्हटलं, आणि तो पुढच्या घरी बोजारा मागायला गेला.

माझ्या भाचीलाही खरं सांग. मनी गेली तर ती मामाच्या गावाला गेली असं सांगू नकोस. तिच्या मामाचं गाव राजूर आहे. दिवाळीला येईल आणि घरभर शोधत बसेल.

तुझा,
दादा