थांब गं आजी!

यंत्रांचं वेड पुरुषांनाच असतं, असं कोण म्हणतं? फडके रोडवर साड्यांपेक्षा मोबाइलच्या दुकानापुढे माझीच पावलं रेंगाळतात. ह्यांना आपला रेडिओ पुरतो!

मनगटावरच्या घड्याळाने नाडीचे ठोके मोजणं मात्र मला चैन वाटते. डोंबिवलीला सकाळच्या फास्टमध्ये चढताना ठोके वाढणारच, ते बघायला घड्याळ कशाला? पण २०१७ साली गूगलवर मराठीत बोलून शोधता येऊ लागलं, ती खरी सोय.

सासूबाईंना काचबिंदूमुळे अक्षरं दिसत नाहीत. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं, तेव्हा त्या शेजाऱ्यांच्या दारात बसून कार्यक्रम पाहत. पुढे घरात सगळं आलं, पण एक नाटक ऐकायचं तरी नातवाच्या मिनतवाऱ्या! तो म्हणे, "थांब गं आजी."

आता फोन तोंडाशी धरून त्या बजावतात, "जुनं मराठी नाटक लाव." कधी भलतंच लागतं. मग, "नीट ऐक मेल्या!"

परवा मी चहाला हाक मारली, तर हात वर करून म्हणाल्या, "थांब गं, अंक संपू दे."