सागाच्या पानावरची काजळी

आमच्या इंद्रलोकात माती विकत आणावी लागते. भाईंदर पूर्वेच्या या इमारतींत तुळशीपुरती माती नर्सरीवाल्याकडून पिशवीत येते आणि लिफ्टमधून, सांडू न देता, सातव्या मजल्यावर चढते. म्हणून असेल, मृगाच्या तोंडावर चंद्रपूरकडच्या एका मातीच्या डोंगरावर चढलो तेव्हा चपला पायात ठेवायला संकोच वाटला.

डोंगर माणसानेच रचलेला. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायचं तर वरची माती, मुरूम, वालुकाश्म सगळं उपसून बाजूला ओतावं लागतं. खाणीतले लोक या ढिगाला ‘ओबी’ म्हणतात. पोटातला दगड वर आलेला, वरची कसदार माती तळाशी गाडलेली. अशा ठिकाणी कुसळही उगवू नये. पण नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुमगावच्या मँगनीज खाणीवर दाखवून दिलं होतं, की साखर कारखान्यातला प्रेसमड घातला आणि रोपांच्या मुळांशी नत्र धरणारे जिवाणू नि बुरशी जोडून दिली, तर उजाड ढिगाऱ्यावरही रान धरतं. इथेही करंज, सिरस, बांबू उभे होते. आणि साग.

सागाच्या एका पानावर बोट फिरवलं. बोट काळं झालं, पानावर हिरवी रेघ उमटली. खरखरीत पान ते. आलेला कण सोडत नाही. डंपरमागून उठलेली, वाऱ्यावर आलेली कोळशाची पूड त्याच्या रंध्रांवर बसते, उजेड अडवते, ऊन पिऊन पान तापवते. वणी-राजुऱ्याकडे रस्त्याकाठच्या कपाशीची बोंडंही अशीच काळवंडतात. मी रुमाल काढला तशी रोपांना पाणी घालणारी बाई हसली. “पुसू नका जी. पाणी आलं का धुवून निघते.”

निघते खरी, पण जाते कुठे? खोडावरून ओघळून मुळाशी. तिथे गोची होते. कोरडी कोळशाची पूड पाण्याने सहज भिजत नाही. थर साचला तर पहिली सर वरच्यावर वाहून जाते. आणि माती दिसते मात्र काळीभोर! विदर्भातल्या माणसाला काळा रंग दिसला की कस आठवतो. प्रयोगशाळाही फसू शकते: माती भट्टीत जाळून वजनातली घट मोजली, तर कोळसाही जळतो आणि सेंद्रिय कर्ब फुगून दिसतो. पानगळीने कमावलेला किती आणि वाऱ्याने टाकलेला किती, हे वेगळं काढायला कार्बन-१४ लागतो. ५,७३० वर्षांनी निम्मा होणारा तो परवाच्या पाल्यात असतो. कोळशात केव्हाच संपलेला.

कारण हा कोळसाही रानच आहे. पंचवीस कोटी वर्षांहून जुनं, गोंडवनातलं, ग्लॉसोप्टेरिसचं. जिभेसारखी लांबट पानं, तीही सागासारखीच गळून दलदलीत थरावर थर साचलेली. त्या रानाची राख होण्याआधीची धूळ या रानाच्या पानावर उतरत होती. आजोबांनी नातवाच्या तोंडावर हात ठेवावा तसं काहीतरी. माया म्हणवत नाही, वैरही नाही. आमच्या पंख्याच्या वाऱ्यात कुठल्या खाणीचा कोळसा जळतो, ते वीजबिलावर लिहिलेलं नसतं.

शेंड्याचं एक कोवळं पान तळहातावर चोळलं. सागाचा लाल रंग उतरला, आधीच्या काळ्यावरून. खाली बसून पाला बाजूला केला, तर ओलाव्यात बुरशीचे पांढरे धागे पानापानांना शिवत चाललेले. जागा आठवणीने पुन्हा झाकली.

मूठभर माती मात्र कागदात बांधून आणलीच. घरी वाटीत घालून पाणी ओतलं. वाळू तळाशी बसली. वर काळी साय तरंगत राहिली आणि तिच्या मधोमध कुजून जाळी झालेला, बोटाच्या पेराएवढा सागाच्या पानाचा तुकडा.