कसब्यातली पत्री

हरतालिकेच्या सकाळी वनाजहून मेट्रोने निघाले, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली आणि भुयारातल्या कसबा पेठ स्थानकावर उतरले. वर आले तर बारीक भुरभुर चालू होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना मखरं, कापसाची वस्त्रं, केवड्याची कणसं आणि शाडूच्या मूर्ती यांची दाटी. मला हवी होती फक्त पत्रीची एक जुडी. पूजेला लागते म्हणून ती घरोघर येते, देवाला वाहिली जाते आणि निर्माल्यात जाते. तिच्यातलं कोणतं पान कोणत्या झाडाचं, हे विचारायला त्या गडबडीत कुणाला सवड नसते. या खेपेला जुडीतली झाडं पेठेत हिंडून जिवंत उभी पाहायची, असं ठरवूनच मी आले होते.

फडके हौदाच्या चौकाजवळ पोतं अंथरून एक मावशी बसल्या होत्या. मुळशीकडच्या.

"मावशी, एकवीस आहेत का सगळ्या?"

"हायेत की. मोजून घ्या ताई. देवदार तेवढा न्हाई, त्यो आमच्याकडं होतच न्हाई. त्याच्या जागी दुर्वा जास्तीच्या घातल्यात."

देवदार हिमालयातला. सह्याद्रीच्या पायथ्याशी तो कुठून असणार? त्याच्या नावावर भलतीच डहाळी खपवण्यापेक्षा सरळ नाही म्हणणाऱ्या या बाईंबद्दल मला फार आदर वाटला. बाकीची पत्री त्यांनी बोटाने दाखवत सांगितली: माका, बेल, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, मरवा, पिंपळ, जाई, मालती, केवडा, हादगा. दूर्वा तर होत्याच. या यादीत औषधी झुडपं आहेत, ओढ्याकाठचं तण आहे, परसातल्या वेली आहेत आणि मोठाले वृक्षही आहेत. पावसाने सगळी पालवी भरात आलेली असताना, भाद्रपदातच ही यादी हातात यावी, यात मला पूर्वजांची मोठी समज दिसते. कुंपणापासून रानापर्यंत जे जे उगवतं ते वर्षातून एकदा तरी घरातल्या मुलांच्या हाताखालून जायचं.

जुडी घेऊन कसबा गणपतीच्या देवळात गेले. पुण्याचं हे ग्रामदैवत. देऊळ जिजाऊंनी बांधवलं. शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला, त्याच्या कितीतरी आधीची ही जागा. सार्वजनिक उत्सवातही मानाचा पहिला गणपती हाच. सभामंडपाच्या लाकडी खांबापाशी थोडी जागा मिळाली. तिथे जुडी सोडली.

पान ओळखायचं तर ते सुरू कुठे होतं हे आधी कळायला हवं. बहुतेकजण इथेच अडतात. हादग्याची वीतभर लांब डहाळी घ्या. दोन्ही बाजूंना लांबट, बोथट टोकाच्या चिमुकल्या पानांच्या जोड्याच जोड्या. पाहणाऱ्याला ती भरगच्च फांदी वाटते. पण ते सगळं मिळून एकच पान आहे. खरं पान फांदीला जिथे जोडलेलं असतं तिथे, देठाच्या बगलेत, एक डोळा असतो. डोळा भरून गुलाबाचं कलम करतात तो हाच. पुढची फांदी नाहीतर फूल त्यातून येतं. हादग्याच्या चिमुकल्या पानांच्या बगलेत नखाने कितीही चाचपा, डोळा सापडत नाही, कारण त्या नुसत्या पर्णिका. तो सापडतो तो थेट खाली, जाड देठ फांदीला मिळतो तिथे. एवढं एक कळलं की साधं पान आणि संयुक्त पान वेगळं काढता येतं.

दुसरी खूण पानांच्या मांडणीची. डाळिंबाची आणि रुईची पानं समोरासमोर, पिंपळाची आणि बोराची एकाआड एक. कण्हेरीच्या एका पेरावर तीन-तीन पानं, आणि मधल्या शिरेपासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक शिरा इतक्या जवळजवळ की विंचरल्यासारख्या दिसाव्यात. फुलाविना कण्हेर ओळखायला एवढं पुरेसं आहे.

पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक हे मूळचे इंजिनिअर. १९०१ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा ग्रंथांत झाडाची जात ठरते ती मुख्यतः फुलावरून. शास्त्राला ते रास्तच आहे. पण रस्त्याने चालणाऱ्या माणसाला फूल भेटतं ते थोडेच दिवस, आणि पुष्कळदा ते उंच शेंड्याला. पान मात्र बहुतेक झाडांवर वर्षाचा मोठा काळ असतं आणि पायाशीही पडतं. म्हणून सामान्य माणसाने पानापासून सुरुवात करावी, या मताची मी आहे.

देवळातून निघून तांबट आळीकडे वळले. वाटेत एका पडक्या वाड्याच्या भिंतीतून पिंपळ उगवला होता. पेठेतल्या जुन्या विटा आणि पिंपळ यांचं सख्य सगळ्यांना ठाऊक आहे. पाखरांच्या विष्ठेतून बी पडतं, चुन्यात रुजतं आणि मुळं भिंत उकलत जातात. त्याच्या टोकाची कोवळी पालवी तांबूस होती, आळीत नुकत्याच घासून ठेवलेल्या बंबासारखी. पिंपळाचं पान सगळ्यांनाच ओळखू येतं असं आपण धरून चालतो. मग पारसा पिंपळ समोर आला की गोंधळ होतो. त्याचंही पान बदामी, त्याचाही देठ लांब. तेव्हा टोक पाहावं. पिंपळाच्या पानाला लांब निमुळती शेपटी असते, पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून जातं. पारशाचं टोक आखूड. तरीही शंका उरली तर खाली पडलेलं ताजं पान देठाशी मोडावं. पांढरा चीक आला तर पिंपळ. पारसा पिंपळ भेंडीच्या आणि जास्वंदीच्या कुळातला, त्याला असा चीक नसतो.

तांबट आळीत ठोक्यांचा आवाज चालूच होता. तांब्यावर हातोडीने खळगे पाडण्याच्या या कामाला मठारकाम म्हणतात. एका दुकानाच्या पायरीशी बोरीचं झुडूप वाढलेलं दिसलं. जुडीतलं पान त्याच्या पानाशी लावून पाहिलं. वरून हिरवं तुकतुकीत, बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. उलटं केलं की खाली पांढुरकी लव. काटे जोडीने, त्यातला एक सरळ आणि एक आकडीसारखा वळलेला. आतून एक आजोबा बाहेर आले. मी काय करते आहे ते समजल्यावर त्यांनी पानाची पांढरी बाजू अंगठ्याने हलकेच चोळून पाहिली आणि म्हणाले, "इतकी वर्षं इथे बसतोय, उलटं करून कधी बघितलं नव्हतं."

बेल सापडला तो एका छोट्या शंकराच्या देवळाच्या आवारात. त्रिदळ म्हणून सगळे ओळखतात, पण तीन पर्णिका बेलालाच असतात असं नाही. पळसाला तीन, पांगाऱ्याला तीन, वायवर्णाला तीन. वायवर्ण तर बेल म्हणून सहज चालून जातो. बेल लिंबाच्या कुळातला. पान उजेडाकडे धरलं की तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, चुरगळलं की तो ओळखीचा वास येतो. शिवाय फांदीला सरळ, टोकदार काटे. वायवर्णाला काटा नाही.

वीजजोडणी न घेता राहण्यासाठी साऱ्या पुण्याला माहीत झालेल्या, गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या डॉ. हेमा साने यांचा वाडा इथून जवळच, बुधवार पेठेत. गजबजलेल्या पेठेच्या मधोमध झाडा-पाखरांच्या सोबतीने आयुष्य काढता येतं, हे त्यांनी जगून दाखवलं. या गल्ल्यांतून हिंडताना त्यांची आठवण आल्यावाचून राहत नाही.

कुंभारवाड्याच्या अंगाला एका घरासमोर शमी होती. तिच्या इवल्या पर्णिका पाहून लोक बाभूळ म्हणतात. काटे पाहिले की शंका फिटते. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने येतात. शमीचे आखूड काटे फांदीभर मधूनमधून विखुरलेले. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचन विकला जातो, तिथेही असंच नीट पाहावं लागतं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं चांगलं तळहाताएवढं. खोटं पान सोनं म्हणून वाटण्यापेक्षा एकच खरं पान वाटलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे ओरबाडणं. संध्याकाळी याच रस्त्यांवर न खपलेल्या जुड्यांचे ढीग पडतात. डोंगरावरून पोत्यांनी आलेला पाला दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जातो. एका घराला एकेक पान पुरतं. मावशींचं पोट या मालावर आहे हे खरं, आणि भाव करून त्यांचे दोन पैसे तोडायचे नाहीतच. पण त्यांच्या ओळखीचं मोलही आपण द्यायला हवं. मूठभर पानं नीट नाव सांगून विकली, तर त्यांना आजच्यापेक्षा जास्त पैसे मिळायला हरकत नाही.

कुंभारवेशीतून मुठेकडे उतरले. नदीकाठच्या रस्त्याला अर्जुन भेटला. खोड पांढुरकं, गुळगुळीत, पापुद्रे सुटलेले. पानं लांबट, जवळजवळ समोरासमोर. माझ्या हातातलं पान त्याच्या खाली पडलेल्या पानाशेजारी धरलं. देठ जिथे पात्याला मिळतो तिथे दोन्ही पानांना बारीक गाठी, बोटाच्या टोकाला लागतील एवढ्या. पेरूच्या किंवा जांभळाच्या पानाला अशा गाठी नसतात. दोन्ही पानं मी वहीत ठेवली.

दूर्वा, तुळस, रुई, धोतरा, आघाडा यांना शोधावं लागलंच नाही, त्या गटारकडेला आणि कुंडीतही भेटत गेल्या. डाळिंब एका वाड्याच्या चौकात होतं. जुडीतल्या हादग्याचं झाड मात्र पेठेत कुठेच दिसलं नाही. केवडा दिसला तो फक्त विकायला ठेवलेला. विष्णुक्रांतेला उघडं माळरान लागतं. या दिवसांत तिची टिकलीएवढी निळी फुलं वेताळ टेकडीवरच्या गवतात असतात. गणपती बसल्यावर सकाळी तिकडेच जायचं आहे, खुडायला नाही, नुसतं वाकून पाहायला.